साक्षीची घोंगडी

“पण साक्षीदार कोण होता, बाबा? तेवढं सांगा.”

जयसिंगराव मोकाशींनी हाच प्रश्न आधीही विचारला होता. तेव्हा मेघगीर गोसावींनी धुनीत एक लाकूड पुढं सारलं होतं. आताही तेच केलं.

उत्तर मिळालं नाही की वकील प्रश्न बदलत नाही, आवाज बदलतो. जयसिंगरावांनी आवाज मऊ केला.

“मी भांडायला आलो नाही. तुमचाच शिष्य आहे मी.”

“व्हय. हायेस की.”

ते खोटं नव्हतं. लहानपणी वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्यांना याच मठात आणलं होतं. याच गोसाव्यानं त्यांच्या कानात मंत्र सांगितला होता. पुढं ते शिकले, जिल्ह्याच्या कोर्टात नाव काढलं, आणि डोंगर चढणं हळूहळू बंद पडलं. आज आले ते कामासाठी आले होते.

मठ म्हणजे एक कौलारू खोली. पुढं सारवलेलं अंगण, अंगणात धुनी. भर दुपार होती. झाडाचं पान हलत नव्हतं. झाडावरचे किडे किरकिरत होते, आणि त्याच्या आडून, खालच्या अंगाला, झऱ्याचं पाणी दगडावर पडत असल्याचं ऐकू येत होतं.

तंटा त्या झऱ्याचाच होता.

झरा मोकाशींच्या रानात. पाणी जायचं खालच्या धनगरवाड्याला, दगडी पन्हळीतून, जयसिंगरावांना कळतं तेव्हापासून. गेल्या साली आबा वारले. जयसिंगरावांनी रान विकायला काढलं. घेणाऱ्यांना झरा हवा होता, वाडा नको होता. त्यांची अट एकच. विकणाऱ्यानं शपथेवर लिहून द्यायचं, की या जमिनीवर किंवा पाण्यावर कुणाशी लेखी अथवा तोंडी कसलाही करार झालेला नाही.

‘अथवा तोंडी’ तेवढं घशात अडकलं होतं.

कारण धनगरवाड्यातली म्हातारी ठकूबाई झोरे काठी टेकत त्यांच्या बंगल्यावर येऊन गेली होती. बसली नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. “तुज्या आबानं शबुद दिलाय, लेकरा. झरा गेला तर वाडा उठंल. दुसरं पानी न्हाई आमाला,” एवढंच म्हणाली. जाता जाता म्हणाली, गोसावीबाबास्नी ठावं हाय.

जयसिंगरावांनी तिला कागद आणायला सांगितलं होतं.

“तिच्याकडं कुटला कागद?” बाबा म्हणाले.

“तेच तर म्हणतो मी.”

“का रं, तोंडी बोलनं कोर्टात चालत न्हाई व्हय?”

जयसिंगराव सावरून बसले. कुणाला काही समजावून सांगायला मिळालं की त्यांना बरं वाटायचं.

“चालतं. लोकांचा गैरसमज आहे की चालत नाही. दोन शहाणी माणसं राजीखुशीनं बोलली, बोलण्यात बेकायदा काही नसलं, आणि एकानं काही द्यायचं, त्याच्या बदल्यात दुसऱ्यानं काही द्यायचं असं ठरलं, तर तो करारच झाला. कागद असो नाहीतर नसो.”

“मग मिटलं की.”

“कुठं मिटलं? तो सिद्ध करावा लागतो. कोण काय बोललं, कुणासमोर बोललं, मोबदला काय होता, सगळं. आणि जमीन-पाण्याचा मामला असला की कोर्ट आणखी बारकाईनं बघतं. तोंडी बोललो होतो म्हणून कुणीही उठून सांगेल.”

“म्हंजी खरं असून भागत न्हाई.”

“सिद्ध झालं पाहिजे.”

“आन् न्हाई झालं तर?”

“तर ते घडलंच नाही.”

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली.

“घडलंच न्हाई?”

“कायद्याच्या लेखी, हो.”

“…असं.”

त्यांनी पुन्हा धुनीकडे तोंड केलं. त्या एका ‘असं’वर जयसिंगरावांना उगीच राग आला. कोर्टात समोरचा वकील आरडाओरडा करतो ते त्यांना चालायचं. माणसानं नुसतं ऐकून घेतलं की त्यांना सुचेनासं व्हायचं.

“म्हणून विचारतो. आबा ठकूबाईला काही बोलले असतील, तेव्हा तुम्ही होतात का?”

“व्हतो.”

“मग साक्षीदार तुम्ही.”

“न्हाई. म्या नुस्ता कडंला बसल्यालो. साक्षीला दुसरंच मानूस व्हतं.”

“कोण?”

झऱ्याचं पाणी पडत होतं…

“तुजी आई.”

जयसिंगरावांना हसू आलं. थोडं सुटल्यासारखंही वाटलं असावं. म्हातारा झाला बाबा, भ्रम झालाय, अशा साक्षीदाराला घाबरायचं कारण नाही.

“बाबा, माझी आई मी झालो त्याच दिवशी गेली.”

“व्हय. म्या बोलतोय ते त्याच्या मागनं झालं.”

“ती गेल्यावर?”

“ती गेल्यावर. घोंगडी तिचीच व्हती की.”

त्या डोंगरातली रीत सांगायला हवी. दोन माणसांत काही ठरायचं असलं, की मध्ये एक घोंगडी अंथरायचे. तिच्यावर हयात माणसानं बसायचं नाही. शब्द देणाऱ्याच्या घरातलं जे माणूस शेवटी गेलं असेल, त्याची ती जागा. जे काय बोलायचं ते त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बोलायचं. अंगठा नाही, पंच नाहीत. तिकडे शब्द मोडल्याची गोष्ट कुणी सांगत नाही. कुणी कधी मोडलाच नसेल असं नाही. सांगत नाहीत, एवढं खरं.

जयसिंगराव याच डोंगरातले. रीत त्यांना ऐकून माहीत होती. शहरात बायकोला ती गंमत म्हणून सांगतही असत.

“मेलेल्या माणसाची साक्ष,” ते म्हणाले. “बाबा, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची असते. तिला मी प्रश्न कसा विचारायचा?”

“इचार की. म्या नगं म्हनलंय का?”

बाबा हे इतक्या साधेपणानं म्हणाले, की जयसिंगरावांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. आत अंधार होता, दुसरं काही नव्हतं.

मुरलेला वकील एका मुद्द्यावर घसरला की दुसरा धरतो. त्यांनी धरला.

“बरं. धरून चालू, झाली साक्ष. मोबदला काय होता? फुकट दिलेल्या शब्दाला कोर्ट सहसा उभं करून घेत नाही. ठकूबाईनं आबांना काय दिलं? तिच्याकडं देण्यासारखं होतं काय?”

बाबा त्यांच्याकडे पाहत राहिले. बराच वेळ.

“काय झालं?”

“मोबदला बघतोय.”

“कुठाय?”

“म्होरं बसलाय माज्या.”

जयसिंगरावांना कळलं नाही. खरं तर कळलं. पण कळलेलं माणूस लगेच आत घेत नाही.

“तुजी आई गेली आन् तू रडाय लागलास,” बाबा सांगू लागले. “गाईचं दूध पोटात ठरंना. शेळीचं ठरंना. अंग निळं पडाय लागलं. तुजा आबा तुला फडक्यात गुंडाळून खाली वाड्यावर गेला. ठकू तवा बाळंतीन व्हती. लेक व्हती मांडीवर. तिनं लेक खाली ठिवली, तुला घेतलं. आदी तुला पाजायची, मग लेकीला. उरलं तर.”

“…आणि तिची लेक?”

बाबांनी चिमट्यानं राख सारखी केली. जरा थांबून परत सारखी केली.

जयसिंगरावांनी पुन्हा विचारलं नाही.

“तू चालाय लागलास तवा आबा तिला हितं घिऊन आला. म्हनला, घोंगडी टाका. तुज्या आईकडं तोंड करून म्हनला, ह्यो झरा आजपासनं ठकूच्या वाड्याचा. माजं रान हाय तवर आन् माज्या मागनंबी. ठकू नगं नगं म्हनत व्हती.”

“तिनं मला हे काही सांगितलं नाही. बंगल्यावर आली तेव्हा सांगायला काय झालं होतं?”

“तू कागद मागितलास न्हवं?”

किडे किरकिरत होते. जयसिंगरावांनी रुमाल काढून मान पुसली. त्यांना वाईट वाटलं. खरोखर वाटलं, माणूस काही दगड नव्हता. ती म्हातारी दारात उभी राहिली होती आणि आपण तिला बस म्हटलं नाही, हेही आठवलं. पण वाईट वाटणं हा काही पुरावा नव्हे, असं त्यांनी मनाला बजावलं असावं. कारण पुढचं वाक्य वकिलाच्याच आवाजात आलं.

“मी घेणाऱ्यांना शब्द देऊन बसलोय, बाबा. आता माघार घेतली तर चार लोकांत माझी पत काय राहील?”

बाबांनी धुनीत आणखी एक लाकूड सारलं.

“मला तुमच्याकडून एकच पाहिजे. उद्या वाड्यातल्या पोरांनी दावा लावला, तर तुम्हाला बोलावतील. हयात असे तुम्ही एकटेच आहात, ठकूबाई तर स्वतःच पक्षकार. तुम्ही काही सांगायचं नाही. कुणीही विचारो, तोंड उघडायचं नाही.”

“बरं. तसं लिवून दिऊ?”

“नको! लिहायचं नाही. असलं कुणी लिहून घेतं का?”

“मग कसं?”

“तुम्ही शब्द द्या. तेवढा बास आहे मला.”

“…तेवडा बास हाय?”

“हो. तुम्ही शब्द दिलात की तो मोडणार नाही, हे मला माहीत आहे.”

बोलून गेल्यावर काहीतरी हातातून सुटून गेल्यासारखं त्यांना वाटलं. बाबा मात्र हसले नाहीत, की टोमणा मारला नाही.

“देतो,” म्हणाले.

इतक्या सहज होकार येईल असं जयसिंगरावांना वाटलं नव्हतं. बाबांनी नकार दिला असता तर वाद घालता आला असता. होकारावर काय बोलणार?

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले, खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा काखेत काळी घोंगडी होती.

“हे कशाला, बाबा? आपल्या दोघांत…”

“करार हाय न्हवं? मग रीत पाळाया पायजे.”

“पण शब्द तुम्ही देताय. तुमचं तर घर नाही, दार नाही. गोसावी तुम्ही. कोण येणार?”

“माज्याकडनं कुनी न्हाई.” बाबांनी घोंगडी झटकली. “तुज्या घरातलं येतंय. तुज्या घरातनं शेवटी कोन गेलं?”

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

बाबांनी दोघांच्या मध्ये घोंगडी अंथरली. कडा ओढून सरळ केल्या, तळव्यानं सुरकुती काढली. मग थोडं बाजूला झाले आणि दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तशा आवाजात म्हणाले,

“या. बसा.”

किडे किरकिरायचे थांबले.

मठाचं कुत्रं धुनीपाशी पडलं होतं. ते उठलं, आळस दिला आणि सावलीकडे निघालं. सरळ वाट घोंगडीवरून होती. ते घोंगडीपाशी आलं, थबकलं, मान खाली घालून कडेकडेनं वळसा घालून गेलं. बसलेल्या माणसाच्या पायाशी कुत्रं जातं तसं.

“सरक जरा,” बाबा म्हणाले.

“अं?”

“गुडगा दुमडत न्हाई त्यांचा. पाय लांब करू दे.”

आणि जयसिंगराव सरकले.

विचार करायच्या आधीच सरकले. आबांचा उजवा गुडघा बैलानं ढकलल्यापासून अधू होता. जेवायच्या पंगतीत असोत की देवळात, तो पाय पुढं पसरलेला असायचा. शेजारी बसलेल्यानं आपसूक जागा करून द्यायची. जयसिंगरावांनी लहानपणापासून ती अशीच करून दिली होती. आताही दिली. सरकल्यावर मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणासाठी सरकलो. 

घोंगडी रिकामी होती. त्यांनी नीट पाहिलं. रिकामीच होती.

बाबा घोंगडीकडे तोंड करून बसले.

“कुनीबी इचारलं तरी झऱ्याच्या बाबतीत म्या तोंड उघडनार न्हाई. दिला शबुद.”

झालं. ज्यासाठी एवढा डोंगर चढून आले होते ते मिळालं होतं. आता बोलेल असा हयात साक्षीदार जगात उरला नव्हता. जयसिंगराव मोकाशी खटला उभा राहण्याआधीच जिंकले होते. ते उठायला लागले.

“बस,” बाबा म्हणाले. “तुजं ऱ्हायलंय.”

“माझं काय?”

“एकानं दिऊन करार हुतो व्हय? आत्ताच म्हनलास न्हवं, बदल्यात काय तरी पायजे. तू शपथेवर काय लिवनार हायेस?”

“की… कुणाशी करार झालेला नाही म्हणून.”

“तेच तोंडानं म्हन. कागुद लागत न्हाई.” बाबा थांबले. “तिकडं बघून.”

जयसिंगरावांनी आयुष्यात कितीतरी शपथपत्रं वाचली होती, लिहिली होती, दुसऱ्याकडून म्हणवून घेतली होती. हे तर एक वाक्य होतं. त्यांनी घसा साफ केला. घोंगडीकडे पाहिलं.

मघाशी बाबांनी ती सपाट केली होती. खालची जमीन सारवलेली, सारखी. आता मध्यभागी घोंगडी थोडी दबली होती. आणि त्यांच्या बाजूला, जिथून ते सरकले होते तिथपर्यंत, एक लांबट घडी खाली बसली होती.

“बाबा…”

“म्हन.”

“माझ्या वडिलांनी…”

आवाज चिरकला. त्यांनी तो सावरला. कबूल करायला हवं, माणूस हट्टी होता. कोर्टात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज त्यांनी काढला आणि वाक्य पुरं केलं.

“माझ्या वडिलांनी या झऱ्याबद्दल कुणालाही, कधीही, कसलाही शब्द दिला नव्हता.”

खालून झऱ्याचा आवाज येत होता, तो तसाच येत राहिला. धुनीचा धूर सरळ वर जात होता. आभाळ फाटलं नाही की कुणी कण्हलं नाही. जयसिंगरावांनी सोडलेला श्वास त्यांचा त्यांना मोठ्यानं ऐकू आला.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“तुजं झालं.”

“मग उचला आता ही घोंगडी.”

बाबा हलले नाहीत.

“उचला, बाबा. मला खाली पोचायचंय. कचेरी बंद होईल.”

बाबा हलले नाहीत. मग जयसिंगराव स्वतःच वाकले. त्यांना एवढंच हवं होतं, की ती काळी वस्तू गुंडाळून खोलीत जावी आणि अंगण पुन्हा नुसतं अंगण व्हावं. त्यांनी एक कड हातात घेतली. ती उचलली गेली. दुसरी घेतली. तीही उचलली गेली. मधली घोंगडी मात्र जमिनीवरून सुटेना.

त्यांनी जरा ओढली. मग जोर लावून ओढली. लोकर ताणली गेली, हातात टोचली, धाग्यांचा करकर आवाज झाला. मधला दबलेला भाग आणि ती लांबट घडी तिथल्या तिथं राहिली. उलट कड त्यांच्या हातातून हळूहळू मागं जाऊ लागली. फार नाही. बसलेल्या माणसानं जागा नीट करून घ्यावी, तेवढीच.

जयसिंगराव घाबरले. भल्याभल्यांना उलटतपासणीत घाम फोडणारा माणूस, दोन्ही हातांत घोंगडीच्या कडा धरून वाकलेला, आणि त्याला सोडताही येईना, ओढताही येईना.

“बाबा… ही येत का नाही?”

मेघगीर गोसावींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर घोंगडीच्या वर होती, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. जरा वेळ त्यांनी तिकडे कान दिल्यासारखं केलं. मग आवाज खाली आणून म्हणाले,

“वढू नगंस, जयसिंगा… आदी आबास्नी उठा म्हन.”